भिंत, खिडकी, गच्ची : सदनिकांची रचना, वीज आणि कार्बन

प्रारंभीच्या काळात भिक्खूंना राहण्यासाठी निश्चित निवासस्थान नव्हते. झाडाखाली, डोंगरकपारीत, उघड्या मैदानात ते रात्र काढीत. पुढे राजगृहाच्या एका श्रेष्ठीने विहार बांधून देण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा तथागतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली, असा वृत्तान्त विनयपिटकातील चुल्लवग्गात येतो. निवास कशासाठी, याचे उत्तरही तेथेच आहे. थंडी व उष्णता, पाऊस व गरम वारा, श्वापदे व डास यांपासून रक्षण व्हावे आणि निश्चिंतपणे ध्यान करता यावे, यासाठी. याच प्रकरणात एक लहानसा, परंतु फार बोलका तपशील आहे. बांधलेल्या विहारांना खिडक्या नव्हत्या. आत अंधार असे, कुबट वास येई. ही अडचण तथागतांच्या कानी गेल्यावर त्यांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली : कठड्याची, जाळीची आणि उभ्या काठ्यांची.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग स्थापत्यशास्त्राचा पहिला धडा म्हणून वाचता येतो. निवास उभा राहिला एवढ्याने काम संपत नाही. आत राहणाऱ्याला प्रकाश, हवा आणि उष्म्यापासून संरक्षण मिळते की नाही, हे पाहावे लागते. आणि मिळत नसेल तर दोष राहणाऱ्याचा नसून रचनेचा असतो. आजच्या बहुमजली सदनिकांकडे याच दृष्टीने पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न कोणाचा आहे?

आपल्या समाजाचे आणि शहरातील दाटीच्या घरांचे नाते जुने आहे. स्वतः बाबासाहेबांनी परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत अनेक वर्षे काढली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. या खोल्यांनी गिरणी कामगार, पोलीस, शिक्षक आणि आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते यांच्या तीन-चार पिढ्या वाढविल्या. आता त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. मुंबईबाहेरही नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे आपले अनेक माजी विद्यार्थी बँकेचे कर्ज काढून आयुष्यातील पहिली सदनिका घेत आहेत.

ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चावी हाती येते त्या दिवशी आणखी एक गोष्ट नकळत आपल्या पदरी पडते : पुढील पन्नास वर्षे त्या घरात किती वीज लागणार याचा मोठा हिस्सा. भिंत कशाची आहे, खिडकी कोणत्या दिशेला आहे, गच्चीवर काय घातले आहे, हे निर्णय आपण तेथे राहावयास येण्याच्या कितीतरी आधी झालेले असतात. निर्णय घेणारा विकासक किंवा संस्था इमारत पूर्ण करून निघून जाते आणि बिल मात्र राहणारा भरीत राहतो. निर्णय एकाचा आणि भार दुसऱ्याचा, ही या विषयाची खरी गाठ आहे.

कार्बन दोन वाटांनी येतो

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार ऊर्जेशी संबंधित जागतिक कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे एक तृतीयांश वाटा इमारतींचा व त्यांच्या बांधकामाचा आहे. तो दोन वाटांनी येतो.

पहिली वाट बांधकामाची. सिमेंट तयार करताना चुनखडी भट्टीत तापवितात. शाळेत शिकलेले समीकरण येथे आठवावे. कॅल्शियम कार्बोनेट तापविले की त्याचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना व ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी पेटविण्यासाठी जळालेला कोळसा यात धरलेला नाही. हा वायू इंधनातून नव्हे, तर खुद्द दगडातून येतो. म्हणून सिमेंट कारखाना उद्या सौरऊर्जेवर चालविला तरी तो पूर्णपणे थांबणार नाही. ५० किलोच्या एका गोणीमागे, तिच्यातील राखेच्या किंवा मळीच्या प्रमाणानुसार, साधारण ३० ते ४० किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. लोखंडी सळ्यांचा भार याहून वेगळा.

दुसरी वाट वापराची : दिवे, पंखे, कूलर, वातानुकूलन यंत्र, पाण्याचा पंप, उद्वाहन. आपल्या देशात वीज अजूनही मुख्यतः कोळशापासून होते. एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर दूरच्या शहरात लावलेल्या बटणाचा धूर अनेकदा चंद्रपूर, कोराडी किंवा खापरखेड्याच्या धुराड्यातून निघतो. तेथील राख आणि उष्मा विदर्भातील गावे सोसतात. म्हणून कार्बनचा प्रश्न केवळ आकाशाचा नाही. तो कोणाच्या तरी अंगणाचाही आहे.

एक साधा हिशेब करू. समजा, एका घरात दीड टनाचे वातानुकूलन यंत्र आहे, ते तासाला सरासरी १.२ युनिट वीज घेते, दिवसाला ८ तास व वर्षाला १२० दिवस चालते. म्हणजे ९६० तास आणि सुमारे १,१५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ११,५०० रुपये आणि ०.७ ने गुणले तर सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइड. चांगल्या रचनेमुळे ही गरज केवळ एक तृतीयांशाने घटली, तरी १०० सदनिकांच्या इमारतीत वर्षाला ३८,००० युनिटांहून अधिक वीज वाचते. पुढे वीजनिर्मिती स्वच्छ होत जाईल तसा कार्बनचा आकडा खाली येईल. बिलाचा आकडा मात्र तेवढ्याने खाली येणार नाही.

सूर्य कोठून येतो?

घर तापते ते मुख्यतः सूर्यामुळे. म्हणून सूर्याचा मार्ग समजून घेतला पाहिजे.

मुंबई सुमारे १९ अंश व नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबईत मेच्या मध्यास आणि नागपुरात मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली पडत नाही. शाळेच्या मैदानावर हा शून्य सावलीचा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. याचा इमारतीच्या दृष्टीने अर्थ असा की उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन गच्चीवर पडते. त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिम भिंतींवर, कारण सकाळी व सायंकाळी सूर्य क्षितिजाजवळ असतो आणि त्याचे किरण भिंतीवर थेट आदळतात. दक्षिणेकडील भिंतीवर मात्र उन्हाळ्यात फारसे ऊन येत नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य नागपूरच्या आकाशात सुमारे ४५ अंशांवर, दक्षिणेकडे कलून असतो. तेव्हा तेच ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येते आणि थंडीत ते हवेहवेसेच वाटते.

म्हणून आपल्या हवामानात इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला असाव्यात, हा पहिला नियम. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला तो पुरत नाही, कारण मावळतीचे ऊन छज्जाखालून आत शिरते. तेथे उभे पडदीवजा आडोसे, जाळी, बाहेरून सोडलेली चिक किंवा खोल व्हरांडा लागतो.

पश्चिमेच्या उघड्या खिडकीची किंमत आकड्यांत पाहू. दोन मीटर रुंद व दीड मीटर उंच खिडकी म्हणजे तीन चौरस मीटर काच. उन्हाळ्यात दुपारी चार-पाचच्या सुमारास तिच्यावर चौरस मीटरला साधारण ५०० वॅट ऊन पडते आणि साध्या काचेतून त्यातील सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. म्हणजे १,२०० वॅट. दीड टनाच्या यंत्राची खोलीतील उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता ५,२०० वॅटच्या आसपास असते. तिचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग ही एक खिडकीच खाऊन टाकते. आतून जाड पडदा लावल्याने प्रकाश अडतो, परंतु उष्णता काचेच्या आत आलेलीच असते. आडोसा काचेच्या बाहेर हवा, हे येथे लक्षात ठेवावे.

या नियमाला स्थानिक अपवादही असतात. मुंबईच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा ही २८ मजली इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखली व ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, म्हणून त्यांनी घरांची तोंडे पूर्व-पश्चिमेलाच ठेवली. परंतु ऊन आणि पावसाचा मारा खोल्यांवर थेट येऊ नये, यासाठी बाहेरील कडेला खोल, दोन मजले उंचीच्या गच्च्या ठेवल्या. जुन्या बंगल्याभोवतीचा व्हरांडा त्यांनी उचलून मनोऱ्यात बसविला. ती इमारत धनिकांसाठी होती. तिच्यातील तत्त्व मात्र केवळ धनिकांसाठी नाही. कान्हेरीच्या लेण्यांतही खोलीच्या पुढे ओसरी असते, ऊन तेथेच थबकते, आणि आतील जाड कातळापर्यंत दिवसाचा ताप पोहोचत नाही.

भिंत आणि गच्ची

उष्णता भिंतीतून किती वेगाने आत येते हे भिंतीच्या पदार्थावर व जाडीवर अवलंबून असते. घट्ट काँक्रीट उष्णतेला सहज वाट देते. भाजलेली वीट त्याच्या साधारण निम्मी. ज्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात असा एएसी ब्लॉक काँक्रीटच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाएवढीच उष्णता जाऊ देतो. अलीकडे अनेक मोठ्या प्रकल्पांत अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, कारागीर ज्याला मिव्हान म्हणतात त्या पद्धतीच्या काँक्रीट भिंती केल्या जातात. त्यामुळे काम झपाट्याने होते आणि इमारत भूकंपाला भक्कम राहते, हे खरे. परंतु चार-सहा इंची काँक्रीटची पश्चिम भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री झोपण्याच्या वेळी ते आत सोडते. बाहेरून सावली किंवा उष्णतारोधक थर नसेल, तर असे घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

गच्चीचा प्रश्न वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. उघड्या स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात पंखासुद्धा गरम हवा फेकतो. उपाय स्वस्त आहेत : पांढरा परावर्तक रंग, फुटक्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, तिच्याखाली उष्णतारोधक थर, किंवा सौर पत्रे उंचावर बसवून स्लॅबला मिळालेली सावली. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पांढरा रंग धुळीने मळतो. तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, एवढे मात्र संस्थेच्या अंदाजपत्रकात धरावे.

येथे सदनिकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. स्वतंत्र घराला चार भिंती व छत सर्व उन्हात असते. सदनिकेच्या एक-दोन भिंती शेजाऱ्याच्या असतात, डोक्यावर व पायाखाली दुसरे घर असते. तीन मजली इमारतीत तीनांतील एका घरावर तापलेली गच्ची असते, बावीस मजली इमारतीत बाविसांतील एकावर. एकमेकांना चिकटून राहणारी घरे एकमेकांना सावली देतात. दाटी हा मुळात दोष नाही. हवेविना दाटी हा दोष आहे.

वारा कोठून जातो?

वारा आत येण्यासाठी त्याला बाहेर जाण्याची वाट लागते. समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंतींत उघडता येणाऱ्या जागा असतील तरच खोलीतून हवा वाहते. गिरगावातील गॅलरीच्या चाळीत पुढचे दार आणि मागची खिडकी उघडली की हे आपोआप घडे. आजच्या अनेक इमारतींत मधून लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना सदनिका असतात. दार बंद, खिडकी एकाच बाजूला. अशा घरात वारा उंबरठ्याशीच थांबतो आणि यंत्राचे बटण दाबणे भाग पडते.

खिडकीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. सरकत्या खिडकीचा जास्तीत जास्त अर्धा भाग उघडतो; बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. त्याच भोकातून दुप्पट हवा, केवळ झडप बदलल्याने.

विदर्भातील वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. नागपूरचा मे कोरडा असतो, म्हणून तेथे वाळ्याचा कूलर उत्तम चालतो. पाण्याचे बाष्पीभवन होताना हवा थंड होते आणि त्यासाठी वातानुकूलन यंत्राच्या साधारण आठव्या-दहाव्या हिश्शाएवढी वीज पुरते. मुंबईच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो. परंतु कूलरला दोन गोष्टी हव्यात : खिडकीबाहेर त्याला ठेवण्याची जागा आणि आत आलेली हवा बाहेर जाण्यासाठी समोर दुसरी खिडकी. नागपुरातील सदनिकेच्या आराखड्यात या दोन गोष्टी नसतील, तर तो आराखडा त्या कुटुंबाला न बोलता महागड्या यंत्राकडे ढकलतो. मुंबईचा नकाशा नागपुरात जसाच्या तसा उतरविणे म्हणजे हवामानाचे निरक्षरत्व होय.

हवेचा प्रश्न विजेपुरता राहत नाही. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी.एम.जी. कॉलनी या पुनर्वसन वसाहती आहेत. तेथे इमारती एकमेकींपासून अवघ्या काही मीटरांवर उभ्या आहेत. २०१८ च्या सुमारास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था व आयआयटी मुंबई येथील तज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात, प्रकाश व वायुवीजन अपुरे असलेल्या खालच्या मजल्यांचा क्षयरोगाशी संबंध दिसून आला. ज्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो, त्या खोलीत वीजही जाते आणि आरोग्यही. तथागतांनी खिडक्यांना अनुमती दिली त्यामागील कारण येथे पुन्हा आठवते.

उंचीची किंमत

मनोरा जितका उंच तितकी वीज अधिक, असे म्हणतात. ते खरे आहे. पण किती खरे, हे मोजून पाहावे. पाच जणांच्या कुटुंबाला माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला ६७५ लिटर पाणी लागते. ते १०० मीटर उंच चढविण्याचे कार्य सुमारे ६.६ लाख ज्यूल, म्हणजे ०.१८ युनिट. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ०.३७ युनिट आणि वर्षाला सुमारे १३५ युनिट. चार मजली चाळीच्या १२ मीटर उंचीसाठी हाच आकडा १६ युनिट. फरक मोठा आहे. तरी वातानुकूलनाच्या १,१५० युनिटांपुढे तो लहानच. उद्वाहनाची व सामायिक दिव्यांची भर पडते, परंतु घराच्या विजेचे खरे भवितव्य पंपात नसून भिंती-खिडक्यांत आहे, असे हा हिशेब सांगतो.

नियम काय म्हणतो?

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो. पहिली, भिंती व खिडक्या मिळून इमारतीच्या आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेचे माप, ज्याला आरईटीव्ही म्हणतात, ते थंड प्रदेश वगळता सर्वत्र चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त असू नये. दुसरी, गच्चीची उष्णतावहनक्षमता १.२ पेक्षा जास्त नसावी. उघड्या स्लॅबची ती याच्या दुपटीहून अधिक असते. तिसरी, उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान ठरावीक प्रमाणात असावे : मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत १६.६६ टक्के, नागपूरसारख्या संमिश्र हवेत १२.५ टक्के. म्हणजे मुंबईतील ५०० चौरस फुटांच्या घरात सुमारे ८३ चौरस फूट जागा खरोखर उघडणारी हवी.

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. परंतु असे नियम राज्याने व स्थानिक संस्थेने स्वीकारून बांधकाम परवानगीशी जोडल्यावरच जमिनीवर उतरतात. तोवर त्यांचा आधार घेऊन प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे.

हे सारे केवळ श्रीमंतांना परवडते, हा समजही खरा नाही. राजकोट महानगरपालिकेने प्रधानमंत्री आवास योजनेखाली बांधलेल्या ‘स्मार्ट घर-३’ या ११७६ घरांच्या वसाहतीत, भारत-स्वित्झर्लंड सहकार्याच्या प्रकल्पातील तज्ज्ञांनी आराखड्याच्या टप्प्यावरच अभियंत्यांसोबत बसून विचार केला. एएसी ब्लॉकच्या भिंती, पूर्ण उघडणाऱ्या व अंशतःच काचेच्या खिडक्या, उष्णतारोधक गच्ची आणि हवा खेचणारी उभी पोकळी, एवढ्या साध्या उपायांनी उन्हाळ्यातील खोलीचे कमाल तापमान सुमारे पाच अंशांनी खाली येते. ही अल्प उत्पन्न गटांची घरे आहेत.

आपण काय विचारावे?

घर घेताना किंवा पुनर्विकासाच्या सभेत आपण चटई क्षेत्र, कॉर्पस निधी आणि पार्किंग यांविषयी हिरिरीने बोलतो. त्यासोबत पुढील प्रश्नही इतिवृत्तात नोंदवावेत :

१. मुख्य खोल्यांच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत? पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून कोणता आडोसा आहे?

२. बाहेरील भिंती कशाच्या व किती जाडीच्या? काँक्रीटच्या असल्यास उष्णतारोधक थर आहे काय?

३. इमारतीचे आरईटीव्ही किती? हा आकडा वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावा.

४. प्रत्येक घरातून वारा आरपार जाईल काय? खिडक्या सरकत्या की बिजागरीच्या?

५. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती? तळमजल्यावर दिवसा दिव्याविना वाचता येईल काय?

६. गच्चीवर उष्णतारोधक थर, परावर्तक फरशी आणि सौर पत्र्यांसाठी मोकळी जागा ठेवली आहे काय?

शेवटच्या प्रश्नाविषयी थोडे अधिक. एक किलोवॅट सौर संचाला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक विजेसाठीही किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. पंप, उद्वाहन आणि जिन्यातील दिवे यांचा भार त्यावर सहज टाकता येतो.

ज्यांची घरे आधीच बांधून झाली आहेत त्यांनीही हताश होऊ नये. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची चिक, गच्चीला पांढरा रंग, जुन्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी तीसेक वॅटचा नवा पंखा, यंत्राचे तापमान १८ ऐवजी २४ अंशांवर आणि सोबत मंद पंखा, या गोष्टी एका उन्हाळ्यात जमतात. बाल्कनी काचेने बंद करून खोलीत घेण्याचा मोह मात्र टाळावा. बाल्कनी ही खोलीची सावली असते. ती गिळली की खोली उन्हात येते.

इमारत जुनी झाली म्हणजे ती पाडलीच पाहिजे, असेही नाही. जी धोकादायक झाली ती पाडावी लागेल. परंतु जी दुरुस्त होऊ शकते तिच्यात आधीच खर्च झालेले सिमेंट व लोखंड वाया घालविणे हाही कार्बनच आहे. राजा उदेनाने आनंदांना विचारले होते की, इतकी नवी चीवरे मिळाल्यावर जुन्यांचे काय करणार. आनंदांनी क्रमाने सांगितले : जुन्या चीवराची आच्छादने होतील, मग गादीचे अभ्रे, मग जमिनीवरची अंथरणे, पायपुसणी, फडकी, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत मिसळून जमीन लिंपली जाईल. वस्तूचे आयुष्य शेवटपर्यंत वापरण्याचा हा विचार आजच्या बांधकाम व्यवसायाला परका झाला आहे.

समारोप

ऊर्जाबचतीचा उपदेश अनेकदा ज्यांच्याकडे कमी आहे त्यांनाच केला जातो. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ‘पंखा कमी वापरा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. उन्हाळ्याच्या रात्री शांत झोप लागणे, दहावीच्या मुलीला दुपारी दोन वाजता घरात बसून अभ्यास करता येणे, ही चैन नव्हे. तो हक्क आहे. प्रश्न एवढाच की, तो हक्क आयुष्यभराच्या बिलातून आणि चंद्रपूरच्या धुरातून विकत घ्यावयाचा, की चांगल्या आराखड्यातून एकदाच मिळवावयाचा.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज अभियंते, वास्तुविशारद, महापालिकेचे अधिकारी, बांधकाम कंत्राटदार आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आहेत. आराखड्यावर सही करणारा हात त्यांच्यापैकी एखाद्याचा असू शकतो. सही करण्यापूर्वी त्यांनी पश्चिमेची एक खिडकी पाहावी, तिच्यामागच्या खोलीत मे महिन्यातील सायंकाळी कोण बसणार आहे याचा विचार करावा, आणि मगच पेन उचलावे. जे सही करीत नाहीत, त्यांनी सभेत उठून प्रश्न विचारावा. विहारात अंधार आहे, हे कोणीतरी बोलले म्हणूनच खिडकीला अनुमती मिळाली.